बागेत चुना जास्त पडलाय, आता काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुना जास्त झालाय हे ओळखायचं कसं?

आधी कोवळी पानं बघा. चुना जास्त झाला की शेंड्याकडची नवी पानं फिकट पिवळी पडतात पण शिरा हिरव्याच राहतात, म्हणजे पिवळ्या पानात हिरवी जाळी स्पष्ट दिसते. अनंत, इक्झोरा, लिंबू, गुलाब, भुईमूग यांच्यावर हे फार लवकर दिसतं. ऊसवाले याला केवडा पडला म्हणतात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर तो बहुतेक नत्राचा (नायट्रोजनचा) प्रश्न आहे, तिथे चुन्यावर उपाय करत बसू नका.

मग माती बघा. खुरप्याने चार बोटं खोल उकरून ढेकूळ हातात फोडा, आत पांढऱ्या गाठी किंवा पिठासारखे ठिपके दिसले तर चुना नीट मिसळलेलाच नाहीये. अजून एक घरगुती टेस्ट आहे, चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या, वरून व्हिनेगर नाहीतर लिंबाचा रस टाका आणि कान जवळ न्या. चुरचुर आवाज येऊन बुडबुडे आले तर मातीत मोकळी चुनखडी आहे. पण विझवलेला चुना आजकालमध्येच टाकला असेल तर बुडबुडे येणार नाहीत, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीत बदलला की मगच येतात. म्हणून बुडबुडे नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालू नका.

मातीत लोह भरपूर आहे, कोकणातली लाल माती आहे, तरी पान पिवळं का?

लोह आहे पण मुळांना मिळत नाहीये. मातीचा सामू (पीएच) वाढला की लोह न विरघळणाऱ्या रूपात जातं, सामू एका अंकाने वर गेला की विरघळलेलं फेरिक लोह हजार पटीने कमी होतं. जस्त आणि मँगनीजचंही तसंच, आणि स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमला धरून अडकून बसतं. म्हणजे खत टाकूनही झाड उपाशी. अशा वेळी लोक घाबरून अजून खत टाकतात आणि मग क्षार वाढून मुळं जळायला लागतात, ते प्लीज करू नका.

कुठला चुना टाकला त्याने फरक पडतो का?

खूप. याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही, त्यामुळे पिशवी अजून असेल तर आधी ती बघा.

कळीचा चुना म्हणजे भट्टीतून आलेले खडे, त्यावर पाणी पडलं की वाफा निघतात. तो सगळ्यात कडक. विझवलेला चुना म्हणजे पूर्वी भिंतींना लावायचे तो, पांढरी मऊ पूड, त्याचं निवळ पाणी १२ च्या वर सामू दाखवतं. आणि शेतीची चुनखडी पूड किंवा डोलोमाइट, हे दळलेले दगडच, सगळ्यात सौम्य. हिशेबात सांगायचं तर १०० किलो चुनखडी जेवढं आम्ल मारते तेवढं काम विझवलेला चुना साधारण ७४ किलोत करतो आणि कळीचा चुना ५६ किलोत. म्हणजे कोणी सांगितलं ‘दोन किलो टाका’ आणि ते चुनखडीबद्दल असेल, आणि तुम्ही रंगाच्या दुकानातून कळीचा चुना आणून दोन किलो टाकला तर जवळपास दुप्पट डोस झाला.

पण चांगली गोष्ट अशी की कडक चुना कडक राहत नाही. ओलावा आणि हवा मिळाली की काही आठवड्यांत त्याची चुनखडी होते आणि सामू साधारण ८.३ च्या आसपास येऊन थांबतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पट्टीवर १० किंवा ११ दिसलं तर हातपाय गाळू नका. थोडं थांबून परत मोजा.

मैदानावर मारतात ती फक्की उरली म्हणून वाफ्यात टाकली असं बरेच जण सांगतात. ती फक्की कधी चुन्याची असते, कधी दुसऱ्याच कसल्या दगडाची पूड, त्यामुळे तिच्यावर अंदाज बांधू नका, सरळ सामू मोजा.

कालच टाकलाय, अजून वरच पांढरा थर दिसतोय. पाणी मारू का?

नाही! हा एकच क्षण असा आहे की चूक जवळजवळ पूर्ण निस्तरता येते. पाणी मारू नका, कुदळही मारू नका. कोरडं असतानाच फावड्याने किंवा पत्र्याच्या तुकड्याने वरचा बोटभर थर खरवडून घमेल्यात भरा आणि बाजूला काढा. वारा असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा. जेवढा चुना हाताने बाहेर काढाल तेवढा नंतर गंधकाने मारावा लागणार नाही, आणि गंधकाला महिने लागतात.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि डोळ्याला चष्मा पाहिजेच. चुना डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं. चुन्याने बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांना त्या दिवशी बागेत सोडू नका.

खरवडलेला चुना दुसऱ्या झाडाच्या आळ्यात टाकू नका.

मातीत मिसळून झालाय. भरपूर पाणी सोडलं तर धुऊन जाईल का?

थोडासा, आणि तोही चुना ताजा असेल तरच. विझवलेला चुना लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, त्यामुळे निचरा चांगला असेल तर सुरुवातीला थोडा खाली जातो. पण त्याची चुनखडी झाली की शुद्ध पाण्यात लिटरला काही मिलिग्रॅमच विरघळते, मग टँकर ओतले तरी हलत नाही. आणि जे पाणी तुम्ही सोडणार ते बोअरचं असेल तर अजूनच वाईट, कारण जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते स्वतःच सामू वर ढकलतात. किटलीत पांढरा थर बसत असेल तर तेच पाणी बागेत जातंय हे लक्षात घ्या.

पावसाचं पाणी मात्र खरंच कामाचं आहे. शिवाय मातीत सेंद्रिय भाग कुजत असला, मुळं जिवंत असली की तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळते. म्हणून चुना जास्त झालेला वाफा उघडा तापत ठेवण्यापेक्षा त्यात ताग किंवा धैंचा अशी हिरवळीच्या खताची पिकं पेरा, फुलायच्या आधी कापून तिथेच गाडा. पावसाळ्यात हे केलं तर डबल फायदा.

खताच्या दुकानात जिप्सम दिलं, म्हणाले सामू उतरेल.

नाही उतरणार. हा गैरसमज इतका पसरलाय की दर वेळी परत सांगावं लागतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. चोपण जमिनीत, म्हणजे जिथे सोडियम जास्त झालाय, तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हाकलतं आणि त्या जमिनीचा सामू खाली येतो, म्हणून त्याची ख्याती. तुमच्याकडे सोडियम नाही, कॅल्शियमच जास्त झालंय. त्यात अजून कॅल्शियम ओतून काय होणार?

व्हिनेगर, ताक, लिंबूपाणी, कॉफीचा चोथा?

व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे येतात, सामू दोन-चार दिवस खाली दिसतो, लोक खूश होतात. पण त्यातलं ॲसेटिक ॲसिड मातीतले जिवाणू खाऊन टाकतात आणि कॅल्शियम परत चुनखडीच्या रूपात तिथेच बसतं. लिंबू आणि ताकाचंही तेच. शिवाय जोरदार व्हिनेगर थेट मुळांवर गेलं तर मुळं जळतात. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याचं आम्ल बरंचसं कपात गेलेलं असतं, तो कंपोस्टमध्ये टाका, चांगला आहे, पण त्याने चुना कापला जाणार नाही.

तुरटीने सामू खरंच उतरतो, पण तिच्यात ॲल्युमिनियम आहे. ते साठत गेलं तर मुळांना विषारी होतं. हायड्रेंजियाला निळी फुलं आणायला चिमूटभर वापरतात तेवढंच ठीक, पूर्ण वाफ्यावर तुरटी नको.

मग गंधकच उपाय ना? किती टाकायचा?

हो, पण घाई न करता. गंधक स्वतः आम्ल नाही. मातीतले ठरावीक जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडी मारतं. या जिवाणूंना ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात, म्हणून आज टाकून पुढच्या रविवारी सामू मोजण्यात अर्थ नाही, दोन-तीन महिने धरा.

हिशेब सोपा आहे. १ किलो चुनखडी मारायला साधारण ३२० ग्रॅम गंधक, १ किलो विझवलेल्या चुन्याला साधारण ४३० ग्रॅम. उदाहरण घ्या, दहा बाय दहा फुटांचा वाफा, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, कोकणातली आंबट लाल माती. त्यात ५ किलो विझवलेला चुना पडला. तो पावणेसात किलो चुनखडीच्या बरोबरीचा. समजा मातीला खरी गरज दोन किलो चुनखडीची होती, तर जास्तीचे झाले पावणेपाच किलो, त्याला लागणार दीड किलो गंधक. हा दीड किलो एकदम टाकायचा नाही! अर्धा किलो टाका, वरच्या चार-सहा इंचात नीट मिसळा, ओल ठेवा, तीन महिन्यांनी सामू मोजा आणि मगच पुढचा अर्धा किलो. बऱ्याचदा तिसऱ्या हप्त्याची वेळच येत नाही, कारण मधल्या काळात पाऊस आणि कुजणारा पाला पण काम करत असतो. एकदम सगळा टाकलात आणि सामू ४.५ वर गेला तर परत चुना आणायला जाल, आणि हे चक्र माती आणि गांडुळं दोघांनाही मारतं.

दुकानात गंधक तीन-चार रूपात मिळतं. बेंटोनाइट गंधकाच्या ९० टक्केवाल्या गोळ्या हाताळायला बऱ्या, धूळ उडत नाही, पण सावकाश काम करतात. फवारणीचं ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक बारीक असल्याने लवकर काम करतं पण महाग पडतं. टक्केवारीप्रमाणे वजन थोडं वाढवून घ्या.

कोकणात ऐन जुलैत, वाफ्यात पाणी तुंबलेलं असताना गंधक टाकू नका. हवा नसली की आम्ल होत नाही आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो वायू मुळांना घातक. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उबेत टाकणं सगळ्यात चांगलं.

आमची बाग पुण्यात/सोलापुरात/नगरला आहे, काळी माती. तिथेही हेच?

तुमच्याकडे आधी हा प्रश्न विचारा की चुना टाकलाच कशाला. कोकणातल्या जांभ्याच्या मातीतून पावसाने क्षार धुऊन नेलेले असतात, ती आंबट असते, तिला चुना लागतो. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे निसर्गानेच दिलेत, सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. कोकणातल्या नातेवाइकाने सांगितलेला उपाय तिथे चालत नाही.

आणि तिथे गंधकाचा हिशेब पण बसत नाही. मातीत १० टक्के चुनखडी असेल तर एका चौरस मीटरच्या वरच्या अर्ध्या फुटात ती वीसेक किलो भरते, ती सगळी मारायला सहा किलोच्या वर गंधक लागेल, एका चौरस मीटरला! हे कोणी करू नये. अशा मातीत पूर्ण वाफा बदलायचा नाद सोडा. झाडाच्या आळ्यात शेणखतात मुरवलेलं थोडं गंधक आणि लोह द्या, मुळाजवळचा तेवढा पट्टा सुधारला तरी झाड उठतं. बाकी त्या मातीला मानवणारी झाडं लावा.

सोसायटीच्या बागेत कोणी चुना टाकलाच नाही, तरी हीच लक्षणं आहेत.

एक फूट खणून बघा. बिल्डर काम संपल्यावर डेब्रिजचा भराव करतो आणि वर चार इंच लाल माती पसरून लॉन लावून देतो. त्या भरावातलं सिमेंट, प्लास्टर चुन्यासारखंच वागतं आणि वर्षानुवर्षं झिरपत राहतं. भिंतीला लागून असलेली झाडंच जास्त पिवळी दिसतील. यावर गंधक टाकणं म्हणजे पैसे वाया. खड्डा मोठा घ्या, निदान दोन बाय दोन बाय दोन फूट, डेब्रिज उचलून बाहेर फेका आणि चांगल्या मातीने भरा. मजुरी लागते पण एकदाच.

चुलीची किंवा शेकोटीची राखही रोज एकाच ठिकाणी टाकत असाल तर ती पण सामू वाढवते. अंड्याची टरफलं मात्र इतकी सावकाश विरघळतात की त्यांची काळजी करू नका.

कुंडीत जास्त चुना पडला तर?

माती बदला. कुंडीच्या बाबतीत याच्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. झाड हलक्या हाताने काढा, मुळांना चिकटलेली माती पाण्यात हलवून सोडवा, सगळी मुळं उघडी पाडू नका, आणि नवीन मिश्रणात लावून चार-पाच दिवस सावलीत ठेवा. नव्या मिश्रणात धुतलेलं कोकोपीट घातलं तर बरं, ते साधारण साडेपाच ते साडेसहाच्या सामूचं असतं. जुनी माती फेकायची गरज नाही, कंपोस्टच्या ढिगात किंवा जिथे आंबट माती आहे तिथे थोडी थोडी पसरून संपवता येते.

माती सुधारायला महिने लागणार, तोपर्यंत पिवळं झाड मरेल ना?

नाही मरणार, पानातून लोह द्या. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूफूल) आधी विरघळवा, उन्हं उतरल्यावर कोवळ्या पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा. द्रावण तयार केलं की लगेच वापरायचं, ठेवलं की तपकिरी होतं आणि मग उपयोग नाही. आठ-दहा दिवसांनी परत. आधी दोन पानांवर मारून बघा, काही झाडांची पानं करपतात. आणि टाइल्सवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

हेच हिराकस नुसतं मातीत टाकलंत तर चुनखडीत काही दिवसांत गंज होऊन बसेल. शेणखतात मिसळून, ओलसर करून दोन-तीन आठवडे मुरवून दिलं तर जास्त टिकतं.

चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, घेणार असाल तर लेबल वाचा. दुकानात सहज मिळणारं ईडीटीएवालं लोह फवारणीला छान, पण मातीतून द्यायचं तर सामू साडेसहा-सातच्या वर ते टिकत नाही. चुन्याच्या मातीत ईडीडीएचएवालं लागतं, लालसर रंगाचं असतं, महाग असतं, पण सामू ९ पर्यंत काम करतं. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तर घेऊ नका.

शेणखत टाकलं तर चालेल?

पूर्ण कुजलेलं भरपूर टाका. ते सामू फारसा खाली आणत नाही, पण लोह-जस्त धरून मुळांपर्यंत पोचवतं आणि जिवाणूंना खायला देतं, म्हणून त्याच्याशिवाय बाकीचे उपाय अर्धवट पडतात. वरून पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, कोकणात पातेऱ्याला तोटा नाही.

ताजं शेण, युरिया किंवा अमोनियम सल्फेट मात्र ताज्या चुन्यावर टाकू नका. नाकात झोंबणारा अमोनिया निघतो, म्हणजे तुमचं नत्र हवेत चाललंय. महिनाभर जाऊ द्या. नंतर नत्रासाठी अमोनियम सल्फेट निवडा, ते सामू उतरवायला मदत करतं. अंड्याच्या कोंबड्यांचं खत सध्या नको, त्यांच्या खाद्यातच चुनखडी असते.

तोपर्यंत वाफ्यात काय लावू?

पालक, मेथी, बीट, कोबी बऱ्यापैकी सहन करतात. झाडांमध्ये शेवगा, आवळा, अंजीर, डाळिंब, बोगनवेल. बटाटा नको, सामू जास्त असला की सालीवर खवले येतात. भुईमूग, लिंबू, अनंत, इक्झोरा सामू उतरेपर्यंत थांबवा. आणि ताज्या चुन्यात काहीच पेरू नका, दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्या, कोंब जळतात.

सामू घरी मोजायला ते काड्यांचं मीटर घेऊ का?

तीन-इन-वन काडीवाली स्वस्त मीटरं भरवशाची नाहीत, पैसे वाचवा. पीएचच्या पट्ट्या घ्या, एक भाग माती अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळा, अर्धा तास ठेवा, वरच्या निवळीत पट्टी बुडवा. अंदाज येतो.

गंधक टाकण्याआधी मात्र प्रयोगशाळेचा रिपोर्ट घ्याच. कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत, कृषी विद्यापीठात (दापोली, राहुरी वगैरे) नमुना देता येतो. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि लोह-जस्त यांच्यासोबत मोकळी चुनखडी किती टक्के हे पण विचारा, मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत ती नसते, वेगळी सांगावी लागते, आणि आपल्या कामाचा आकडा तोच आहे. नमुना घेताना वाफ्यात सात-आठ ठिकाणी व्ही आकाराचा अर्धा फूट खड्डा करून कडेची चकती काढा, सगळं एकत्र करा, सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत. एकाच जागची मूठ नेली आणि नेमकी चुन्याची गाठ त्यात आली तर रिपोर्ट भलताच येईल.

पुढच्या वेळी चुना टाकायचा तर किती?

आधी सामू, मग चुना. ६ च्या वर असेल तर भाजी-फुलांना चुना लागतच नाही. खाली असेल तर चुनखडी पूड किंवा डोलोमाइट घ्या, कळीचा किंवा विझवलेला नको, चौरस मीटरला शंभर ते दोनशे ग्रॅम, पेरणीच्या महिनाभर आधी. मातीत मिसळायचा, वर शिंपडून सोडायचा नाही. तेवढं झालं की वर्षभर परत टाकायचा नाही, पानं पिवळी दिसली तरी नाही. गोगलगायींसाठी पट्टा मारत असाल तर तो वाफ्याच्या बाहेर, पायवाटेच्या कडेला मारा आणि पावसाने भिजला की रोज रोज नवीन ओतत बसू नका, संध्याकाळी टॉर्च घेऊन गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका, ते पाणी पण वाफ्यात ओतायचं नाही.